आतल्या बाजूचा अंगठा

खटपटरावांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही चटकन आठवत नसे, इतकं हे टोपणनाव त्यांना चिकटलं होतं. सारं आयुष्य पंखे नि मिक्सर दुरुस्त करण्यात गेलं, आणि सुट्टीचे दिवस गावाबाहेरच्या मैदानावर रिमोटची विमानं उडवण्यात. जोडीला कायम एकच माणूस, चष्म्याच्या दुकानाचे मालक, म्हणजे आपले चष्मेवाले. तीस वर्षांची दोस्ती. भेट झाली की चष्मेवाले आधी मित्राच्या नाकावरचा चष्मा उतरवत, मऊ फडक्याने पुसत, परत चढवत आणि मग म्हणत, "हं, आता बोल. आणि दांडी धरायची रे, काच नाही!" कारण खटपटरावांनी चष्मा काढायचा म्हटलं की त्यांचा अंगठा हमखास काचेवर.

अशा दोस्तीला दृष्ट लागली दोन महिन्यांपूर्वी. चष्मेवाल्यांनी आठ महिने खपून एक निळं विमान केलं होतं. पहिल्याच दिवशी खटपटरावांनी "दोन मिनिटं दे रे" म्हणून रिमोट मागून घेतला. विमान वर आणि हे खाली, बघ्यांना विनोद सांगण्यात दंग. मागे वळून पाहतात तर विमान समोरून यायला लागलेलं. समोरून येताना रिमोटचं डावं-उजवं उलटं होतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. यांनी नेमकं ते विसरून दाखवलं. विमान सरळ दिव्याच्या खांबावर! चष्मेवाल्यांनी तुकडे गोळा केले, पिशवीत भरले आणि एक शब्द न बोलता घरी गेले. शिव्या दिल्या असत्या तर खटपटरावांना बरं वाटलं असतं. पण अबोला, तोही असा घट्ट, की रस्त्यात दिसले तरी मान दुसरीकडे.

तेव्हापासून खटपटराव तसंच दुसरं विमान करायला बसले होते. सांगाडा झाला, पंख झाले, निळा रंग झाला. उरली कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची ती पारदर्शक टोपी. तिथेच घोडं पेंड खात होतं. बाकी विमानात कुठे उन्नीस-बीस झालं तर रंगाखाली झाकता येतं, पण काचेसारख्या प्लास्टिकवर काय झाकणार? त्यातून तपासणारा माणूस जन्मभर काचा तपासत आलेला!

पहिली कॅनोपी त्यांनी झटपट गोंदाने चिकटवली. दहा सेकंदांत पक्की, आणि दहा मिनिटांत आतून पांढरी. गोंदाच्या वाफेने आतला चिमुकला प्लास्टिकचा वैमानिक जणू धुक्यात हरवला. दुसऱ्या कॅनोपीच्या कडेचं जादा प्लास्टिक त्यांनी आखलेल्या रेघेवर कचाकच कापलं, तर ती एका बाजूला तोकडी पडली. परमेश्वराने या माणसाला दहा बोटं मन लावून घडवली, थांबायची कळ बसवायची मात्र राहून गेली.

तिसरी, शेवटची कॅनोपी हातात घेतली तेव्हा बायको शिवणयंत्रावरून उठलीच.

"अहो, ठेवा ती खाली."

"अगं, तुला यातलं काय कळतं?"

"चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज बेततेय मी. अंगाला बसवायचं म्हणजे काय, ते मला कळत नाही?"

"हे प्लास्टिक आहे!"

"असू दे की. निदान मापं देताना पोट तरी आत ओढणार नाही."

खटपटराव बाजूला सरकले. तिने रेघेबाहेर बोटभर जागा सोडून कॅनोपी कापली. मग ती विमानावर ठेवून पाहायची, उचलायची, छोट्या कात्रीने केसाएवढी कड काढायची, पुन्हा ठेवायची. अकरा वेळा! खटपटरावांचे हात शिवशिवत होते. कड नीट बसल्यावर तिने शेवटचा हात पॉलिशच्या कागदाने फिरवला, सभोवार पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाली, "रेघेच्या आतला रंग खरवडा. रंगावर चिकटवाल तर रंगासकट निघेल."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"गोंदाच्या डबीवर लिहिलंय. तुम्ही डब्या उघडता, वाचत नाही."

गोंदही तिनेच निवडला. लावताना दुधासारखा, वाळल्यावर पाण्यासारखा. वाळायला मात्र पुरता एक दिवस. आतून कॅनोपी पुसून झाली, कडेला गोंदाची बारीक धार फिरली. चिकटपट्ट्या कापायला बायको वळली तेवढ्यात खटपटरावांना आत भुशाचा एक कण दिसला. मित्रासाठी करतोय, आत कण कसा चालेल? त्यांनी अगदी प्रेमाने तो अंगठ्याने टिपला. मग देवाचं नाव घेऊन कॅनोपी जागेवर ठेवली, बायकोने पट्ट्या लावल्या, आणि दोघांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्ट्या निघाल्या. जोड दिसेना, नख फिरवलं तर अडकेना. खटपटरावांनी विमान उजेडात धरून चहूबाजूंनी न्याहाळलं. "एक डाग नाही!"

बायको विमानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "जा, देऊन या भावजींना. आत्ताच जा."

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वाटेत घोकलेलं वाक्य दारातच विरून गेलं. खटपटरावांनी विमान काउंटरवर ठेवलं आणि कसंबसं म्हणाले, "तुझं आहे."

चष्मेवाल्यांनी पंख तपासले, शेपूट हलवून पाहिली. नख कॅनोपीच्या कडेवरून सावकाश फिरलं, कुठेच थांबलं नाही. हे पसंत पडलं नाही, तर तीस वर्षं या काउंटरवरच संपणार होती.

चष्मेवाल्यांनी टेबलावरचा दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं. आणि थबकले. बराच वेळ एकाच जागी पाहत राहिले. मग मान वर करून खटपटरावांकडे पाहिलं, हात लांबवला, त्यांच्या नाकावरचा चष्मा उतरवला, फडक्याने पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. दोन महिन्यांची साय होती ती, एका पुसण्यात निघणार कशी? शेवटी चष्मा परत चढवला आणि बोट दाखवलं.

खटपटरावांनी पाहिलं. कॅनोपीच्या आतल्या बाजूला, वैमानिकाच्या बरोब्बर नाकासमोर, एक टपोरा अंगठा. रेघान् रेघ मोजून घ्यावी असा!

"मेलो!" खटपटराव मटकन स्टुलावर बसले. "अरे, पुसलं होतं रे मी! दे इकडे. उद्या नवी मागवतो, ही काढून..."

"हात लावशील तर खबरदार!"

दोन महिन्यांतला पहिला शब्द. चष्मेवाल्यांनी विमान छातीशी ओढून घेतलं होतं. खांदे हलत होते. रडतात की काय, असं वाटलं. पण माणूस हसत होता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"तीस वर्षं पुसतोय रे हा अंगठा! भिंगाशिवाय ओळखला असता. आणि आता नेमका अशा ठिकाणी ठेवलायस, की पुसायची सोयच नाही." त्यांनी डोळे टिपले. "दांडी धरायची, काच नाही. किती वेळा सांगितलं?"

"विमानाला दांडी कुठे असते?" खटपटराव पुटपुटले.

"बोलू नकोस! रविवारी सकाळी मैदानावर ये. उडवणार मी. तू हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. आणि विनोद सांगायचे नाहीत."

"एकही नाही?"

"विमान उतरल्यावर एक."

खटपटराव घरी आले ते जवळजवळ तरंगतच. सगळं सांगून झालं. बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "तो ठसा मला दुपारीच दिसला होता."

"दिसला होता? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ती फोडून काढली असती. मग चौथी, मग पाचवी. भावजी तिकडे वाट पाहून म्हातारे झाले असते."

"अगं, पण..." खटपटराव तावातावाने चष्मा काढायला गेले. अंगठा काचेपाशी पोचला, तिथे क्षणभर घुटमळला, आणि हळूच मागे दांडीवर सरकला.