बिया काढलेली मिरची

"चढा," गिरणीवाली म्हणाली आणि वजनकाटा पायानेच हेडबाईंच्या पुढ्यात सरकवला.

"चढते. ढोरं हाकल्यासारखं बोलू नका."

हेडबाईंनी एक हात भिंतीला टेकला, दुसरा पोटावरच्या पट्ट्यावर धरला आणि काट्यावर पाय ठेवले. आकडा थरथरला, मग थांबला. एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम. मागच्या सोमवारी एक्केचाळीस सहाशे होतं.

"काटा बिघडलाय," हेडबाई म्हणाल्या.

"सव्वीस वर्षं काट्यासमोर उभी राहिलेय मी. माणसं बिघडतात, काटे नाही बिघडत."

"तुमच्या गिरणीचा काटा तर नाहीच नाही. तो सोयीप्रमाणे चालायचा म्हणे."

गिरणीवालीने ओठ आवळले. हेडबाईंना धरून खाली उतरवावं लागलं, तेही तिने केलं; पण दंडाला धरलं ते पोतं धरावं तसं.

दोघी एकमेकींच्या विहिणी. गिरणीवालीची मुलगी हेडबाईंची सून. नऊ वर्षांपूर्वी लग्न झालं त्या दिवसापासून दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एक चाळीस शिक्षकांच्या शाळेची हेडमास्तरीण, निवृत्त झाली तरी घरादाराने आणि शेजाऱ्यांनी ‘हेडबाई’च म्हणायचं. दुसरी नवऱ्याच्या मागे एकटीने दळणाची गिरणी चालवलेली. एका जात्यावर पीठ, दुसऱ्यावर मिरची. हेडबाईंचा मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. दोन महिन्यांपूर्वी हेडबाईंच्या आतड्यात गाठ निघाली, हातभर आतडं कापून काढलं, आणि सुनेला रजा मिळेना. दिवसभर घरी कोण थांबणार? शेवटी सुनेने आपल्या आईला बोलावलं. गिरणीवाली आली ती मुलीसाठी. हे तिने पहिल्याच दिवशी, चपला काढायच्या आधी हेडबाईंना ऐकवलं होतं.

दुपारी तिने टेबलावर मऊ भात आणि उकडलेला भोपळा ठेवला. आठ आठवडे हेच. कधी भोपळा, कधी दुधी. हेडबाईंनी चार चमचे खाल्ले, पाचवा तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"संपवा."

"भिंतीचा रंग खरवडून खाल्ला तर त्याला याहून जास्त चव असेल."

"माझ्या हाताचा दोष नाही. तुमच्या सूनबाईने तक्ता लावलाय फ्रिजवर. तेल नाही, तिखट नाही, फोडणी नाही. डॉक्टरांचं सांगणं आहे."

हेडबाईंनी डोळे मिटले आणि खुर्चीतच मान कलती केली. कॉलरजवळची हाडं वर आली होती. साडी सोडून त्या आता गाऊन घालत, आणि गाऊनही खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. गिरणीवालीने ते पाहिलं आणि मुद्दाम भांडी जोरात आवरली.

वजन लिहायला तिने कपाटातून हॉस्पिटलची फाइल काढली. हे काम एरवी मुलगी करायची. आज सकाळी घाईत निघताना म्हणाली होती, आई, आकडा एका चिठ्ठीवर लिहून ठेव, मी आल्यावर चढवते. पण चिठ्ठीला कागद सापडेना, म्हणून गिरणीवालीने फाइलच उघडली. कागद पुढेमागे झालेले. ती ते तारखेप्रमाणे लावायला बसली, आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या तपासणीचा कागद तिच्या हाती आला. खाली डॉक्टरांनी रुग्णासाठी मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं होतं : सर्व आहार सुरू करावा. तिखट-तेलकट थोड्या प्रमाणापासून हळूहळू वाढवावे. वजन त्रेचाळीसच्या वर गेल्याशिवाय पुढील औषधे सुरू करता येणार नाहीत.

तिने ते दोनदा वाचलं.

त्या दिवशी ती घरीच होती. मुलगी आणि हेडबाई परत आल्या तेव्हा मुलीने पर्स ठेवता ठेवता सांगितलं होतं, "अजून तेच पथ्य." गिरणीवालीला तेव्हा बरंच वाटलं होतं. खोटं कशाला बोला?

कारण तिला सगळं ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मुलगी अंगावर पांघरूण ओढून, त्याच्या आतून फोन करायची. आई, आजही ताट परत पाठवलं. आई, पाहुण्यांसमोर माझी भाजी कचऱ्याच्या डब्यात ओतली आणि म्हणाल्या, हे दवाखान्यात द्या. हेडबाईंना तिखट, झणझणीत लागायचं. नाकातून पाणी आलं नाही तर जेवण झालं असं त्या मानत नसत. पोरीचा हात भित्रा. "मिरचीच्या गिरणीत जन्मली आणि मिरचीला घाबरते," हे वाक्य त्यांनी किती लोकांसमोर म्हटलं असेल याला सुमार नव्हता.

म्हणजे पोरीने डाव साधला होता. गिरणीवालीला आतून एक गुदगुली झाली, आणि लगेच त्या गुदगुलीची लाजही वाटली. तिने पुन्हा शेवटची ओळ वाचली. त्रेचाळीस. मग बाहेरच्या खोलीत पाहिलं. खुर्चीतलं ते हाडांचं गाठोडं घोरतही नव्हतं. घोरायला लागतो तेवढा जीव त्यात उरला नव्हता.

पोरीला बहुतेक ती ओळ नीट कळली नसावी, असं तिने स्वतःला सांगितलं. मग पिशवी उचलली आणि खाली गेली.

तिने पाव किलो कोंबडी आणली, दोन बटाटे, सात-आठ सुक्या लाल मिरच्या. मिरच्या चिरून बिया झटकल्या, गरम पाण्यात भिजवल्या, लसणाबरोबर वाटल्या. कांदा तांबूस झाला, वाटण तेलात पडलं, आणि आठ आठवडे मेलेलं ते स्वयंपाकघर खडबडून जागं झालं. तिला स्वतःलाच ठसका लागला.

"काय चाललंय तिकडे?" बाहेरून आवाज आला. मास्तरकीचा, जुना.

"तुमच्या कामाचं नाही ते."

तासाभराने तिने वाडगा आणून टेबलावर ठेवला. लाल रस्सा, त्यात बटाट्याच्या फोडी, हाडापासून सुटत आलेलं मांस, बाजूला ताटात भात. हेडबाईंनी वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"विष आहे का?"

"तुमच्यावर विष वाया घालवायला मी काय वेडी आहे?"

"तक्ता?"

"तक्त्याला मी विचारत नाही. खायचं तर खा, नाहीतर मी खाते. मेलात तर नाव माझं होईल, चिंता नको."

हेडबाईंनी चमचा उचलला. पहिला घोट त्यांनी तोंडातच धरून ठेवला, परीक्षकाने उत्तर पुन्हा वाचावं तसा. गळ्याची शीर हलली. नाकाचा शेंडा लाल झाला. दुसऱ्या चमच्याला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्याला त्यांनी गाऊनच्या बाहीनेच नाक पुसलं. आणि मग त्या चमचा सोडून हातानेच जेवू लागल्या. भात कालवला, बटाटा कुस्करला, हाड चोखलं, हाडाच्या टोकाशी दात लावून आतला रस ओढला. कपाळावर घामाचे थेंब आले. मध्येच त्या हुश्श करत आणि पुन्हा घास घेत. गिरणीवाली समोर उभी होती. इतक्या वर्षांत आपल्या हाताचं कुणी असं खाल्लेलं तिला आठवेना, आणि ते खाणारी ही बाई असावी याचा तिला मनस्वी राग आला.

"बिया काढल्यात तुम्ही," हेडबाई म्हणाल्या.

"काढल्या. मारायचं असतं तर ठेवल्या असत्या."

"भित्रा हात. लेकीनं कुठून घेतला ते कळलं."

"पोट फाडून शिवलेल्या माणसाने तोंड जरा जपून चालवावं."

हेडबाईंनी ताट पुसून घेतलं. मग पाणी प्यायल्या, खुर्चीला टेकल्या आणि म्हणाल्या, "फाइल बघितलीत ना?"

गिरणीवालीचा ताटाकडे गेलेला हात तिथेच थांबला.

"कसली फाइल?"

"सोंग करू नका, तुम्हाला जमत नाही. डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तिथंच बसले होते, तिच्या शेजारी. सगळं खा म्हणाले. रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. घरी येऊन तुम्हाला म्हणाली, तेच पथ्य."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसले."

"का?"

हेडबाई खिडकीकडे बघू लागल्या. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

"पहिल्या वर्षी तिनं वाढलेलं मी किती वेळा परत पाठवलं, ते तिला आठवतं. मलाही आठवतं. ती काही बोलली नाही कधी. आता बोलतेय तर बोलू दे. भोपळ्यानं बोलतेय, एवढंच." त्यांनी बोटं चाटली. "तुम्हाला मध्ये पडायची गरज नव्हती. आमचं आम्ही मिटवत होतो."

गिरणीवालीच्या कानशिलात रक्त चढलं. लेकीची लबाडी झाकावी म्हणून आपण कागदाचा उच्चार केला नाही, आणि ही बाई सगळं जाणून वर उपकार करत बसली होती!

"मिटवत होतात? एक्केचाळीस किलोवर?" ती म्हणाली. "कागदावर पुढे काय लिहिलंय ते ऐकलंत ना? औषधं सुरू होणार नाहीत. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर माझी पोर जन्मभर तो भोपळा उरावर घेऊन फिरेल. तुम्हाला शिक्षा भोगायची हौस आहे ना? मग जिवंत राहून भोगा. मरून तिच्या गळ्यात अडकू नका."

हेडबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही शाळेत असतात तर मी तुम्हाला काढून टाकलं असतं," त्या म्हणाल्या.

"मी तुमच्या शाळेत आलेच नसते."

हेडबाईंनी ताट तिच्याकडे सरकवलं. "दुपारी करत जा मग. ती घरी नसताना. रात्री तिचं ती वाढेल ते खाईन."

"दोन्ही जेवणं?"

"वजन वाढायला हवं म्हणालात ना? खिडक्या उघडा. आणि ती हाडं खाली नेऊन टाका, घरच्या डब्यात नकोत."

चार वाजता पोटात कळ आली. हेडबाईंचा चेहरा पांढरा पडला. गिरणीवालीने त्यांना धरून खोलीभर चालवलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पंधरावीस फेऱ्या. मग एक ढेकर आली, आणि हेडबाई म्हणाल्या, "सोडा आता. दंड निळा कराल."

सात वाजता मुलगी आली. दारातच तिने नाक वर केलं.

"कसला वास येतोय?"

"शेजारी काहीतरी केलंय," हेडबाई म्हणाल्या. "दुपारपासून येतोय."

मुलीने आईकडे पाहिलं. गिरणीवाली ओट्यावरचा न पडलेला डाग पुसत होती. मुलगी हात धुऊन आली, मऊ भात गरम केला आणि वाटीत काढून हेडबाईंसमोर ठेवला. ती रोज ठेवायची तशीच ठेवली, पण आज लगेच निघून गेली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली. आईने कॅलेंडरच्या फाटक्या पानावर लिहून काट्याजवळ ठेवलेला आकडा तिने येताना वाचला होता.

हेडबाई जेवू लागल्या. एकेक चमचा, न थांबता. दुपारचं सगळं अजून पोटात होतं. ते कुठपर्यंत आलं असेल याचा गिरणीवालीला नेमका अंदाज होता. तरी चमचा थांबला नाही.

"मी उद्या फोन करते डॉक्टरांना," मुलगी एकदम म्हणाली. "विचारते, जरा तिखट वगैरे... आता चालेल का ते."

गिरणीवालीने फडकं घट्ट धरलं.

"घाई नाही," हेडबाई म्हणाल्या. त्यांनी रिकामी वाटी सुनेपुढे धरली. "अजून थोडा घाल. आज बरा झालाय."