उतरलेली साखर

मी एक जुना सेन्सर आहे असं म्हटलं, तर मित्रांनो, तुम्ही हसाल. माझं सगळं आयुष्यच चौदा दिवसांचं, आणि त्यातलेही मी नऊच काढले. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा मी. पोटाखाली केसासारखी तार. ती माणसाच्या दंडात रुतते आणि अंगातली साखर मोजते. तो आकडा मी फोनला कळवतो. ओरडायचं काम फोनचं, माझं काम खरं सांगायचं.

मला चिकटवलं डिंडोलीच्या धुरपदाबाईंच्या दंडाला. मूळच्या त्या खानदेशातल्या. साड्यांना टिकल्या लावून त्यांनी घर ओढलं. मुलगा ललित पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला. डॉक्टरीणबाईंनी मला त्याच्या फोनला जोडलं आणि गुजरातीत बजावलं, "सित्तेरथी नीचे जाय तो तरत खांड आपजो." सत्तरच्या खाली गेलं की लगेच साखर द्यायची. ललित "हा, हा" म्हणाला, पण त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरणार कसं? दहा वर्षं त्या घरानं एकच रड ऐकली होती, साखर वाढली, साखर वाढली. साखर उतरूनही माणूस जातो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आठ दिवस मी तीनशे, दोनशे ऐंशी असले आकडे सांगत होतो आणि बोलणी खात होतो. इन्सुलिनचा डोस वाढला. धुरपदाबाई मला चहाडखोर म्हणायच्या. चोरून खाल्लेली जिलेबी मी उघडी पाडायचो ना. मला राग नाही आला. त्या दंडाची ऊब मला आवडायची.

नववा दिवस श्रावणातल्या रविवारी आला. त्या दिवशी घरात खानदेशची देवी कानबाई बसणार होती. घरातल्यांच्या नावानं मुठी मोजून दळलेल्या गव्हाचे रोट, संध्याकाळी देवीला निवद, आणि तोवर कडक उपास. इन्सुलिनची सुई चुकवायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, म्हणून धुरपदाबाईंनी सकाळी सुई घेतली. वर खाल्लं काहीच नाही.

दुपारी मी एकशे दहा सांगितलं. मग नव्वद, मग अडुसष्ट. फोन कोकलायला लागला. ललितनं आकडा पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"माय, तुनी साखर उतरनी. कानबाई पावनी."

त्यानं शेजारच्या बायकांनाही आकडा दाखवला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणी चांगलं म्हणत होतं, आणि मी जीव तोडून सांगत होतो की ही बाई बुडतेय. देवीच्या गाण्यांत खोडा नको, म्हणून ललितनं फोनचा आवाज बंद करून तो फळीवर ठेवला.

सून छायाला मात्र सासूच्या कपाळावरचा घाम दिसला. "आत्याबाई, गूळना खडा तरी खाई ल्या."

"निवद दखाडू दे, मंग खासू," असं म्हणून त्या आतल्या खोलीत आडव्या झाल्या. उपासानं थकल्या असतील, म्हणून कुणी उठवलं नाही.

चोपन्न. सत्तेचाळीस. एकेचाळीस. मी सांगत राहिलो. बाहेर गाणी चालली होती.

निवदाचं ताट भरलं तेव्हा छाया हाक मारायला आली. धुरपदाबाईंची दातखीळ बसली होती. दवाखान्यात शिरेतून साखर दिली, आकडा वर चढला, पण मेंदूला व्हायची ती इजा होऊन गेली होती. तपासणीसाठी नर्सनं मला उपटून काढलं.

आता मी त्यांच्या सुईदोऱ्याच्या डब्यात पडून असतो. त्यांच्या दंडावर माझा भाऊबंद आहे. ललित फोन क्षणभर दूर ठेवत नाही. आकडा घसरला की चमच्यानं गुळाचं पाणी भरवतो. त्या मुकाट गिळतात. "माय, मी ललित," तो दर वेळी सांगतो. परक्या माणसाकडे बघावं तशा त्या बघत राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सुई घेत असेल, तर वरचा आकडा पाठ करता तसा खालचाही करा. उपास डॉक्टरांना विचारून धरा. आणि आकडा सत्तरच्या खाली गेला, तर माझं कौतुक करू नका. माणूस शुद्धीत आहे तोवर त्याच्या तोंडात गूळ घाला. निवद थांबेल.