दोन्हीकडे रस्ता असलेला दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. कशाचा, ते मात्र विचारू नका मित्रांनो, कारण त्या प्रश्नाने हल्ली माझेच डोके चक्रावते. माझ्यापुढे रस्ता आहे आणि मागेही रस्ताच आहे. शेजारी भिंत नाही. लोक मला वळसा घालून जातात आणि मी दोन खांबांच्या आधाराने नुसता उभा असतो.

लोहाराने मला घडवले तेव्हा तो म्हणाला होता, "गर्दीचं दार आहे, बिजागऱ्या दणकट हव्यात." गर्दी खरोखरच लोटली. आत होड्यांचे तळे होते, बँडचा चौथरा होता, संध्याकाळी रंगीत दिवे लागायचे. नवी जोडपी लाजत आत यायची आणि हट्टी मुलांना फरफटत बाहेर न्यावे लागायचे. माझ्यावर लोंबकळणाऱ्यांना राखणदार दम भरायचा. माझी नक्षी पाहायला कोणी थांबले की मी फुशारून जायचो.

मग काय झाले, ते मला धड कळलेच नाही. आधी तळे बुजवले. मग चौथऱ्याच्या जागी दुकाने आली. एका दुपारी यंत्रे आली, भिंत पडली आणि रस्ता आतून गेला. मला तेवढे ठेवले. मुद्दाम ठेवले की विसरले, याचा मी अजून विचार करतो आहे.

राखणदाराचे खरे काम संध्याकाळचे. मला लावण्याआधी तो ओरडायचा, "आत कोणी राहिलंय का?" भिंत पडली त्या दिवशी तो आला, तेव्हा हाक मारायला बागच उरली नव्हती. आता तो थकला आहे, तरी रोज गाड्यांतून वाट काढत येतो, मला धरून तीच हाक मारतो आणि कोणीच बाहेर येईना म्हणून हलत नाही. त्याची सून घाबरीघुबरी होऊन मागोमाग धावते. परवा तर एक गाडी त्याला घासून गेली. मला फार भीती वाटली.

काल सून रडकुंडीला आली. "बाबा, आत कोणी नाही हो. बागच नाही आता!"

"नाही कशी? आत्ता बसवाला ओरडला की, 'बाग, बाग' म्हणून!"

त्याचेही खरेच. समोरच्या बसथांब्याचे नाव अजून बागच आहे.  मग सून थांब्यावरच्या लोकांजवळ गेली आणि हळूच काहीतरी बोलली. ते सगळे माझ्या मागच्या बाजूला गेले आणि एकेक करून माझ्यातून बाहेर आले. पिशवीवाली बाई आली, कचेरीतले साहेब आले. राखणदाराने साहेबांना झापले, "रोज तुमच्यामुळंच उशीर होतो!"

"चुकलं," साहेब म्हणाले.

सर्वांत शेवटी सून आली. "मी शेवटची, बाबा. मागं कोणी नाही."

"नीट पाहिलंस?"

"कोपरा न् कोपरा पाहिला."

त्याने मला लावले आणि सुनेचा हात धरून तो घरी गेला. आज तो आला नाही. मला बरे वाटते आहे की वाईट, काही कळत नाही.

उद्या मला कापायला माणसे येणार आहेत. मित्रांनो, तुमच्याकडे बाग असेल तर भिंत पडायच्या आधीच तिला जपा. आणि त्या माणसांना सांगा, खुशाल कापा. आत म्हणजे नेमके कुठे, ते मला ठाऊक नाही. पण तिथे आता कोणी राहिलेले नाही. राखणदाराने विचारून घेतले आहे.