साहेबांच्या गल्लीत तीन गाड्या

अर्जातला एक रकाना मुकादमबाईंनी रिकामा सोडला होता. 'आपल्या कार्यालयात आपण केलेली एक सुधारणा लिहा.' बाकी सगळं भरून झालं होतं. परदेशात तीन महिन्यांचं प्रशिक्षण, फक्त नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांसाठी, आणि विषय कचरा. असा योग पुन्हा येणार नव्हता, कारण पुढच्या वर्षी त्या वयोमर्यादेबाहेर जात होत्या.

सुधारणेचं मात्र अडलं. रोज सकाळी त्या डेपोच्या ओट्यावर उभ्या राहत आणि ओरडत, आणि त्या ओरडण्यावर गावातल्या सगळ्या घंटागाड्या चालत. कोणत्या चालकाची कंबर धरली आहे, कोणाचं कोणत्या गल्लीत सासऱ्याशी वाजलं आहे, कोणाला चढावर गाडी घालायची भीती वाटते, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. याला सुधारणा म्हणावं की नुसता आरडाओरडा, हे त्यांनाच ठरवता येईना.

अर्जाला साहेबांचा दाखला जोडायचा होता: अर्जदाराच्या गैरहजेरीत काम अडणार नाही. साहेबांनी तो वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, हे मी कसं लिहू?"

"पेनानं, साहेब."

"मागे तुम्हाला ताप आला होता, आठवतंय? मी स्वतः ओट्यावर उभा राहिलो होतो. तुमच्या त्या पैलवानानं मला विचारलं, आपण कोण?"

पैलवान म्हणजे डेपोतला सगळ्यात काटकुळा चालक. मुकादमबाईंनी हसू दाबलं.

"पुढचा आठवडा रजा घ्या," साहेब म्हणाले. "डेपोकडे फिरकायचं नाही, फोन करायचा नाही. काम अडलं नाही तर शनिवारी सही देतो. अडलं, तर मी खोटं लिहिणार नाही."

सोमवारी सकाळी मुकादमबाई घरी बसल्या. फोन समोर ठेवला. तो वाजला नाही. दुपारपर्यंत त्यांनी तो दोनदा पुसला.

"त्याच्याकडे असं टक लावून बघू नकोस," नवरा म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. "लाजेल बिचारा."

"अडलं असतं तर एव्हाना वाजला असता."

"मग आनंद व्हायला हवा की."

"झालाय ना," त्या म्हणाल्या आणि फोन तिसऱ्यांदा पुसला.

संध्याकाळी कलिंगड कापायची पाळी धाकट्या मुलीची होती. घरात सासूबाईंचा जुना नियम होता: जो कापेल त्यानं शेवटी उरेल ती फोड घ्यायची. धाकटीनं बाबांची पट्टी आणून कलिंगड मोजलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि मगच सुरी लावली. थोरलीला कुरकुरायला जागाच उरली नाही.

मंगळवारी सकाळी दाराशी कर्कश हॉर्न वाजला. म्हणजे भोंगा आला. बाकी सगळे चालक घंटा वाजवत, हा हॉर्न वाजवायचा, म्हणून हे नाव. पण हा तर मंडईच्या भागातला.

"तू इकडे कसा रे?" मुकादमबाईंनी विचारलं.

"आलो असाच."

"मग मंडईला कोण गेलंय?"

"सगळं झकास आहे ताई. तुम्ही आराम करा." भोंग्यानं हे गाडीच्या आरशाकडे बघून सांगितलं आणि गाडी काढली.

तो वळतो न वळतो तोच पैलवानाची गाडी आली. सासूबाई रिकामी बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "ही सकाळपासून दुसरी. आता काय भांडी टाकू?"

मुकादमबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी पिशवी उचलली. "भाजी आणते."

"काल आणलीस ती?"

"ती कालची झाली."

मंडईमागच्या मासळीबाजारात शिरायच्या आधीच त्यांनी पदर नाकाला लावला. कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग साचला होता आणि त्यावर मांजरांची सभा भरली होती.

"अगं बाई, तुम्ही अजून इथेच?" मासेवाली म्हणाली. "मला वाटलं गेलात परदेशी."

"अजून अर्जच चाललाय."

"अर्जालाच हे हाल? मग विमानात बसलात की आम्ही काय करायचं?"

साहेबांनी बजावलेलं विसरून मुकादमबाई तडक डेपोत गेल्या. चालक ओट्याभोवती बसले होते. त्यांना पाहताच सगळ्यांनी माना खाली घातल्या, चोरी करताना पकडलेल्या पोरांसारख्या.

"मासळीबाजारात का नाही गेलं कोणी?"

"कोण जाणार?" पैलवान म्हणाला. "हा म्हणतो मी का, तो म्हणतो मी का. तुम्ही ओरडलात की जातो आम्ही. एकमेकांचं कोण ऐकतंय?"

"आणि माझ्या दारात दोन-दोन गाड्या?"

भोंगा पुढे सरकला. "ताई, तुमच्या दारात गाडी आली म्हणजे तुम्हाला वाटणार, ठीक चाललंय. साहेबांच्या गल्लीत गेली म्हणजे साहेबांना वाटणार. बाकीच्या गावानं कुठे सही करायची आहे?"

"तुम्ही जायला हव्यात ताई," पैलवान म्हणाला. "म्हणून केलं."

चिडावं की हसावं, मुकादमबाईंना कळेना. त्यांचा पाय सवयीनं ओट्यावर गेला. एक आरोळी दिली असती की गाड्या भराभर निघाल्या असत्या, आणि परदेश तिथेच संपला असता. त्यांनी पाय खाली घेतला आणि पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "घरी कलिंगड कोण कापतं रे तुमच्या?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. उन्हातून आल्यात, असं कोणीतरी पुटपुटलं.

"ऐका. रोज एकानं गावाची वाटणी करायची, पाळीपाळीनं. बाकीच्यांनी आपापला भाग निवडायचा. ज्यानं वाटणी केली, त्यानं शेवटी उरेल तो भाग घ्यायचा. कुरकुर बंद. चल भोंग्या, तू कर."

भोंग्यानं सवयीनं मासळीबाजाराला वरचा चढ आणि शाळेमागची गल्ली जोडली. मग थबकला. एवढं ओझं कोण उचलणार? उरणार, आणि आपल्याच गळ्यात पडणार. त्यानं चढ काढला. गल्लीही काढली. "मासळीबाजार एकटाच," तो म्हणाला. "तो उरकला की त्या गाडीला सुट्टी."

"म्हणजे लवकर घरी?" पैलवान ताडकन उठला. "मग तो माझा."

"तुला वास चालतो?" कोणीतरी विचारलं.

"घरी जाऊन आंघोळ करीन. तुम्ही तेव्हा चढावर असाल."

हसण्याच्या गलक्यात मुकादमबाई मुकाट्यानं घरी परतल्या. फोन कपाटात टाकला. आठवडाभर पुन्हा डेपोकडे फिरकल्या नाहीत.

शनिवारी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, सहीच्या आधी सांगते. दोन दिवस काम अडलं होतं. आणि मंगळवारी मी डेपोत गेले होते."

"अडलं होतं ते ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "मंगळवारी माझ्या गल्लीत तीन गाड्या आल्या. तिसरीला द्यायला घरात काही उरलं नव्हतं, तर आमच्या हिनं माझ्या जुन्या चपला दिल्या. छान बसल्या होत्या पायाला."

मुकादमबाईंनी जमिनीकडे पाहिलं. परदेश गेला, हे त्यांनी मनात धरलं.

"काल मासळीबाजारातून चक्कर मारली. कोपरा स्वच्छ. पैलवानाला विचारलं, बाईंना फोन करून विचारता का रोज? तो म्हणाला, कशाला?" साहेबांनी दाखला ओढून सही ठोकली. "तो 'कशाला' दाखल्यात बसत नाही, नाहीतर तोही लिहिला असता. आणि हा रकाना रिकामा का?"

तो मुकादमबाईंनी तिथेच उभ्याउभ्या भरला. घरी वाचून दाखवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नियम माझा, आणि विमानात बसणार तू?"

"तुमच्यासाठी काय आणू?"

"आधी अर्ज तर पाठव."

सोमवारी सकाळी अर्ज टपालात टाकून मुकादमबाई डेपोत पोचल्या. ओट्यावर चढल्या, छातीभर श्वास घेतला, आणि पाहिलं तर गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. फाटकाशी फक्त भोंगा होता. आजची वाटणी त्याची, म्हणून निघायलाही शेवटचा. चढ त्याच्या वाट्याला आला होता.

"ताई, काही काम होतं का?" त्यानं विचारलं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. घेतलेला श्वास वाया जाऊ नये म्हणून त्यांनी एवढंच केलं, फाटक उघडून ओरडल्या, "हॉर्न नको, घंटा वाजव."

भोंग्यानं हॉर्न वाजवला आणि गेला.