बांध ओलांडणारं पाणी

"फोडा म्हणते मी बांध! कुदळ आणा, मी फोडते!" थोरलीचा आवाज ओढ्यापलीकडं ऐकू गेला.

"हात तर लावून बघा वहिनी," बांधावर उभा असलेला फौजदार म्हणाला, "मग सांगतो."

फौजदार म्हणजे काही खरा फौजदार नव्हे. शेजारचा शेतकरी. जन्मात कधी खाकी घातली नाही, पण ज्याला त्याला हुकूम सोडायची खोड, म्हणून गावानं ठेवलेलं नाव. मधला बांध त्याचा. पुरुषभर उंच, आणि वरून त्याचा ट्रॅक्टर जायचा. बांधाच्या पलीकडं ओढा, चांगला खोल. अलीकडं थोरली आणि धाकटी या दोन जावांचं फ्लॉवरचं रान, बशीसारखं मध्ये दबलेलं. परवाच्या पावसानं ती बशी भरली होती. रोपांच्या नुसत्या शेंड्या वर दिसत होत्या, बुडणाऱ्या माणसानं नाक वर काढावं तशा.

दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, परगावी बांधकामावर गेलेले. घर आणि रान थोरलीच्या हुकमात. धाकटीनं भाजीत मीठ किती टाकायचं तेही थोरली ठरवायची. पण आज हुकूम चालेना. आणखी दोन दिवस पाणी राहिलं असतं तर मुळं कुजून सगळं रान हातचं जाणार होतं. पंप दुरुस्तीला गेलेला. सकाळपासून दोघी बादल्यांनी पाणी उपसत होत्या, आणि पाणी होतं तिथंच होतं.

"आक्का," धाकटी कंबर धरून म्हणाली, "बांध फोडायचाच कशाला? वरून नेऊ की."

"वरून? पाण्याला पाय फुटलेत का?"

"पिंपातलं डिझेल कसं काढतो आपण? नळी घालायची, तोंडानं एकदा ओढायचं, की काठावरून चढून आपलं आपण खाली येतं. ओढा आपल्या रानापेक्षा खाली आहे. घरात तो मोठा पाइप पडलाय."

"डिझेलची गोष्ट वेगळी."

"का? डिझेल काय जास्त शिकलेलं असतं?"

फौजदार बांधावर बसूनच हसला. त्याला करमणूक हवीच होती. थोरलीला त्याचं हसणं झोंबलं आणि केवळ त्या रागात ती म्हणाली, "आण गं पाइप!"

मनगटाएवढा जाड काळा पाइप दोघींनी ओढत आणला. एक टोक पाण्यात, मधला भाग बांधावर, दुसरं टोक ओढ्याच्या उतारावर. धाकटीनं तोंड लावून ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"तुम्ही लावा आक्का. तुमच्या छातीत दम आहे, अख्खं गाव सांगतं."

थोरलीनं तिच्याकडं एकदा रोखून बघितलं, पदर खोचला आणि पाइपाला तोंड लावलं. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, मानेच्या शिरा तटतटल्या. पाइपातून जुनाट चिखलाचा वास तेवढा घशात आला. ती थू थू करत मागं सरली आणि फौजदार पोट धरून बांधावर आडवा झाला.

"एवढ्या जाड पाइपातली हवा तोंडानं निघायची नाही," धाकटी विचार करत म्हणाली. "आधीच पाण्यानं भरून घेऊ. हवेला जागाच ठेवायची नाही."

मग दोघींनी पाइपाचं वेटोळं करून रानात साचलेल्या तळ्यात दाबलं. पाइप वर यायचा, त्या त्याच्यावर उभ्या राहायच्या. बुडबुड, बुडबुड. एकदा थोरलीचा पाय घसरला आणि ती कमरेइतक्या पाण्यात बसकण मारून बसली. धाकटीला हसू आवरेना. "हस, हस," थोरली म्हणाली, "घरी चल, मग बघते." आणि मग तिलाही हसू फुटलं. शेवटी बुडबुडे थांबले. पाण्यातच दोन्ही टोकांत दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं चिंध्या गुंडाळून बूच म्हणून ठोकली. भरलेला पाइप कसला जड! धापा टाकत एक टोक बांधावरून पलीकडं उतरवलं. थोरली तळ्यातलं टोक पाण्याखाली दाबून बसली.

"काढा बूच!" पलीकडून धाकटी ओरडली.

दोघींनी एकदम बुचं उपटली. क्षणभर काही नाही. मग पलीकडं भसकन आवाज झाला आणि हातभर लांब जाऊन पडेल अशी गढूळ धार ओढ्यात कोसळू लागली.

"आलं! आक्का, आलं!"

थोरलीनं हातानं चाचपून बघितलं. तिच्या बोटांजवळून पाणी पाइपात शिरत होतं, खरोखर, बांधाच्या दिशेनं वर. फौजदाराचं हसू थांबलं. पण तेवढ्यात बांधावर कुठंतरी शिटीसारखा बारीक आवाज सुरू झाला, आणि पलीकडं धार बारीक बारीक होत चालली.

"कुठंतरी हवा शिरतीये!" धाकटी ओरडली. "बघा की भाऊजी, तुमच्या पायापाशीच वाजतंय!"

फौजदारानं वाकून बघितलं. पाइपाला उंदरानं कुरतडलेलं, भोपळ्याच्या बीएवढं भोक. बाहेर पाण्याचा थेंब नाही, उलट सूं सूं करत हवा आत चाललेली. त्यानं सहज म्हणून त्याच्यावर अंगठा ठेवला. अंगठा चपकन चिकटला. पलीकडं धार पुन्हा फुगली.

"अरेच्चा! माझा अंगठा आत ओढतंय कोण?"

"ओढत नाही कुणी. बाहेरची हवा ढकलतीये तुमचा अंगठा. तीच हवा तिकडं तळ्यावर बसून पाणी दाबतीये, म्हणून ते पाइपात चढतंय. वरच्या वळणावर आत दाब कमी आहे ना, मग जिथं फट मिळेल तिथून हवा घुसणार."

"हवेला एवढं वजन?"

"उचलून बघा अंगठा."

त्यानं उचलला. सूं. धार आटत चालली. "ठेवा! ठेवा!" दोघी दोन बाजूंनी ओरडल्या. त्यानं घाबरून ठेवला. जन्मात पहिल्यांदा फौजदार दुसऱ्याचा हुकूम ऐकत होता.

"सायकलच्या ट्यूबची पट्टी आणते बांधायला," थोरली म्हणाली. पाइपाच्या टोकावर दगड ठेवून ती घरी गेली. पट्टी दारामागंच टांगलेली होती. पण तिनं आधी लुगडं बदललं. मग चहा टाकला. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायला. दाराच्या चौकटीतून लांब बांधावर वाकलेला फौजदार दिसत होता. त्याची बायको त्याला जेवायला हाका मारत आली होती आणि तो हात न हलवता, नुसती मान हलवून तिला काहीतरी समजावत होता. थोरलीनं अजून अर्धा कप ओतून घेतला.

पट्टी घट्ट आवळून बांधल्यावर फौजदारानं अंगठा सोडवला. पण घरी काही गेला नाही. पाइपाच्या टोकाशी उकिडवा बसून धार बघत राहिला, मधूनच धारेखाली हात धरत.

दिवस कलायच्या आत वरंब्यांचे माथे उघडे पडले. मधल्या खोलगट भागातली रोपं गेलीच, पण दोन्ही कडांची रोपं चिखल झटकून उभी राहिली.

पुढल्या आठवड्यात दोघी दळण घेऊन गिरणीत गेल्या, तर आत फौजदार पिठाच्या डब्यावर बसून चार माणसांना सांगत होता. "मी म्हटलं वहिनींना, बांध फोडायचं काम नाही. पाणी वरून नेऊ. हवेचा दाब असतो, म्हटलं. तळ्यावर हवा बसलेली असते..."

धाकटी खाली मान घालून दळणाचा डबा पुढं सरकवू लागली. तिला सवय होती. आजवर घरातल्या तिच्या कितीतरी गोष्टी थोरलीच्या नावावर जमा झालेल्या. थोरलीनं तिच्याकडं बघितलं, मग डबा तिच्या हातातून घेऊन धाडकन खाली ठेवला.

"भाऊजी," ती त्या छातीतल्या दमानं म्हणाली, गिरणीचा पट्टा फिरत असूनही सगळ्यांना ऐकू गेलं, "डोकं माझ्या जावेचं. पाइप आमचा. तुमचा फक्त अंगठा होता."