सूची-खोलीची एकुलती वाचक

“ताई, जरा पलीकडे सरकता का? वायर पोचत नाहीये,” आरान म्हणाली, आणि सुनरे आपली पर्स नि ग्रंथपाल परिषदेची कापडी पिशवी उचलून एक खुर्ची सरकली.

बुसानच्या त्या सभागृहातलं पहिल्या रांगेतलं टेबल संयोजकांनी या वर्षी मुद्दाम मांडलं होतं. त्यावर ‘ब्लॉग-लेखक’ अशी पाटी होती आणि पाटीखाली मिन आरानचं नाव. सुनरेचं नाव कुठेच नव्हतं. दोघी तेजॉनच्या एकाच विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या, म्हणून आरानने तिला आग्रहाने शेजारी बसवून घेतलं होतं. व्यासपीठावर कुणीतरी जुन्या हस्तलिखितांच्या संगणकीकरणावर बोलत होतं. त्याचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच ते आरानच्या पडद्यावर उमटायचं, आणि खाली तिची एखादी चिमटा काढणारी ओळ. मागे बसलेले ग्रंथपाल आपापल्या लॅपटॉपवर ते वाचून खुसखुसायचे. आपण काय विनोद केला हे न कळून वक्ता बिचारा चष्मा सारखा करायचा.

मधल्या सुट्टीत आरानभोवती गर्दी जमली. कुणी फोटो काढून घेतला, कुणी पेरू-संत्र्याच्या रसाचे पेले आणून दिले, आणि एका प्रौढ प्राध्यापकाने तर मान लववून, “तुमचं लिखाण आमच्याकडे सगळे वाचतात,” असं सांगितलं. सुनरे बाजूला उभी राहून त्या पोरीचा कोट सांभाळत होती. चेहरा हसरा ठेवायचा तिला सराव होता. आत मात्र तिचा जीव तीळतीळ तुटत होता, आणि त्याचं कारण त्या गर्दीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारण ब्लॉग सुनरेचाही होता. आरान शाळेत असेल तेव्हापासून. ‘सूची-खोली’ नावाचा, निनावी. सुनरे सूचीविभागात कामाला लागली त्या काळच्या प्रमुखांना असले उद्योग खपत नसत, म्हणून तिने नाव लपवलं. पुढे प्रमुख बदलले, पण लपवलेलं नाव सांगायला निमित्त लागतं आणि ते कधी आलंच नाही. दरवर्षी परिषदेला जायचं, प्रत्येक सत्रात खाली मान घालून टिपणं घ्यायची आणि घरी आल्यावर कोण काय बोललं ते शब्दालाही धक्का न लावता लिहून काढायचं. लग्न केलेलं नव्हतं, आई गेल्यावर तर फ्लॅटमध्ये टीव्हीचाच आवाज. त्या लिखाणात तिचे ऑक्टोबर-नोव्हेंबर भरून जात. ब्लॉगच्या माथ्यावर पहिल्या दिवसापासून एक ओळ होती: ‘जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी.’

जे येऊ शकत नव्हते त्यांच्यातलं एकच माणूस ते नेमाने वाचत असे. ‘ओहोटी’ या नावाने तिच्या लेखाखाली प्रश्न यायचे. तिसऱ्या वक्त्याने लहान ग्रंथालयांचं काय सांगितलं? एकट्या माणसाने कपाटं कशी मोजायची? सुनरे लेखाहून लांब उत्तरं लिहायची. त्या नावाच्या आधाराने तिने कितीतरी हिवाळे काढले. मग आरान नोकरीला लागली, तिने ‘आज ग्रंथालय बंद’ सुरू केला. त्यात सभागृह होतं, जेवण होतं, समुद्र होता, वक्त्याचे उलटेपालटे मोजे होते. आणि एके दिवशी सुनरेला आरानच्या लेखाखाली ‘ओहोटी’ दिसली. “वाचून तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं,” असं लिहिलं होतं. सूची-खोलीत ती पुन्हा आली नाही. नवरा दुसरीकडे राहायला गेला तर बाईला जसं वाटत असेल तसं सुनरेला वाटलं, आणि हे असं वाटतंय याची लाजही.

जेवणाच्या सुट्टीआधी आरानने तिचा हात धरला.

“ताई, एक काम कराल? माझी एक वाचक आलीय. ‘ओहोटी’ म्हणून. योसूच्या बाजूची आहे, पहिल्यांदाच आलीय परिषदेला. नोंदणीच्या टेबलाशी हिरवा स्कार्फ बांधून उभी राहते म्हणाली. मला चर्चासत्रातल्या लोकांबरोबर जेवायचंय, हलता येत नाही. तुम्ही तिला जेवायला न्या आणि माझं सत्र झालं की माझ्याकडे आणा. नक्की आणा हं.”

सुनरे “बरं” म्हणाली.

हिरव्या स्कार्फची बाई तिच्याहून मोठी निघाली. उन्हाने रापलेली, ठेंगणी, आणि अंगाला न बसणारा नवा कोट घातलेली. नाव प्यो किलजा. गल्लीतल्या खानावळीत दोघींनी डुकराच्या मांसाचा रस्साभात मागवला. समोर वाफाळतं भांडं आलं तसं किलजाने आधी कोण मोठी याचा निकाल बारा प्राण्यांच्या नावाने चालणाऱ्या जन्मवर्षांवरून लावला.

“मी सापाच्या वर्षातली. तुम्ही?”

“उंदराच्या.”

“म्हणजे मी ताई. आणि साप-उंदराची गाठ पडलीय, तेव्हा तू जपून बस.” आपल्याच विनोदावर ती मनापासून हसली आणि रश्श्यात खारवलेला जवळा कालवू लागली.

सुनरेलाही हसू आलं. ही बाई अशी असेल असं तिला वाटलं नव्हतं. प्रश्नांवरून तिने कुणी किरकोळ, अबोल बाई डोळ्यांपुढे आणली होती. किलजा तोंडात घास असतानाच बोलत होती. समुद्राकाठच्या एका लहान मत्स्यविद्या कॉलेजात ती एकटीच ग्रंथपाल. मुलं कमी होत गेली, आता फेब्रुवारीत कॉलेजच बंद होणार. अध्यक्षांनी पुस्तकं वजनावर रद्दीवाल्याला द्यायचं ठरवलंय. भरती-ओहोटीचे जुने तक्ते, कोळ्यांच्या बोलीतली माशांची नावं, बोटी बांधणाऱ्यांनी हाताने काढलेली चित्रं, सगळं त्यात. आरानने दोन ओळी लिहिल्या तर कुणीतरी मोठं ग्रंथालय ती उचलेल, एवढ्यासाठी ती आली होती.

सुनरेने चमच्याने भांड्याचा तळ ढवळला आणि जमेल तितक्या सहज विचारलं, “दुसरा एक ब्लॉग आहे ना? सूची-खोली का काहीतरी.”

“तो होय.” किलजाने मान हलवली. “वाचायची ना मी. तेव्हा दुसरं होतंच काय? भला माणूस असावा. विचारलं की उत्तर द्यायचा, अगदी पानभर. पण लिहितो कसं, सुक्या मासळीसारखं. टिकतं, पण चावून चावून जबडा दुखतो. आणि खरं सांगू, त्याला सांगून काय उपयोग गं? तिथे मी सोडून कुणी फिरकत नव्हतं. माझी पुस्तकं वाचवायला माणसं लागतात.”

यात खोटं काहीच नव्हतं, आणि त्यानेच सुनरेच्या अंगाची आग झाली. “भला माणूस” म्हणाली ती. बाई असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

“आरानचं काय आहे,” सुनरे म्हणाली, आणि आपला आवाज किती शांत येतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं, “तिला असे फार निरोप येतात. ती नाही भेटत कुणाला. मला म्हणाली, जेवू घाला आणि समजावून परत पाठवा.”

किलजाचा चमचा थांबला. मग तिने तो नीट भांड्याच्या कडेला ठेवला.

“असं म्हणाली? बरोबर आहे. कामाची माणसं.” पिशवी जवळ ओढत ती म्हणाली, “मग मी संध्याकाळपर्यंत कशाला थांबू? सासांगच्या बस स्थानकावरून दुपारचीच बस घेते.”

पैसे देण्यावरून दोघींची रीतसर ओढाताण झाली आणि किलजाने सुनरेला ढकलून पैसे दिले. लहान बहिणीने मध्ये बोलायचं नसतं म्हणाली. दारात तिने सुनरेच्या कोटाची वळलेली कॉलर सरळ केली आणि निघून गेली.

दुपारच्या सत्रात सभागृह भरलं होतं. सुनरे मागे, दाराजवळ बसली. वही उघडली, पण हात चालेना. व्यासपीठावर आरान मधोमध होती, छान दिसत होती. ती चुकावी, अडखळावी अशी सुनरे मनोमन वाट बघत होती. कुणीतरी विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? आरान म्हणाली, जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी.

टाळ्या पडल्या. ती ओळ आरानने कुठे वाचली होती की तिलाच सुचली होती, कोण जाणे. विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

“त्यातली एक आज आलीय,” आरान पुढे म्हणाली. “माझ्या ब्लॉगवर सगळ्यात पहिल्यांदा जिने लिहिलं ती. आमच्या ताईंबरोबर जेवायला गेली होती. हिरवा स्कार्फ आहे. ओहोटीबाई, उभ्या राहता का जरा?”

माणसं माना वळवून बघू लागली. कुणी उभं राहिलं नाही. आरान कपाळावर हात धरून दिव्यांच्या उजेडापलीकडे शोधत होती, हसत होती, आणि मग तिचं हसू ओसरलं. शेवटी तिची नजर सुनरेवर आली. तिने भुवया उंचावून विचारलं, कुठेय?

सुनरे उठली आणि बाहेर पडली.

टॅक्सीवाल्याने सासांगला जाताना सगळा रस्ता बेसबॉलवर बडबड केली. सुनरे हो-हो करत होती. बस सुटलेली असली तर बरं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. सुटलेली नव्हती. योसूच्या फलाटाजवळच्या बाकावर किलजा उकडलेलं अंडं सोलत बसली होती. स्कार्फ काढून तिने पिशवीत कोंबला होता.

“तू कशाला आलीस?” ती म्हणाली. “काही विसरलं का माझं?”

सुनरेला दम लागला होता. बसायला जागा होती तरी ती उभीच राहिली.

“मी खोटं बोलले, किलजाताई. आरान तसं काही म्हणाली नव्हती. तुम्हाला सत्रानंतर आणा म्हणाली होती. आत्ता भर सभेत तिने तुम्हाला हाक मारली.”

किलजा अंडं सोलतच राहिली. अंड्याची टरफलं तिच्या मांडीवरच्या कागदावर पडत होती.

“माझी पुस्तकं रद्दीत गेली असती गं.”

“हो.”

“तिने काय घोडं मारलंय तुझं?”

सुनरेने तोंड उघडलं. सगळं सांगता आलं असतं. पानभर उत्तरं लिहिणारा तो भला माणूस मीच, मग तुम्ही माझं दार सोडून तिच्याकडे गेलात, हे सगळं.

“काही नाही,” ती म्हणाली. “तिचं सगळं चांगलं चाललंय, म्हणून.”

किलजाने अंडं कागदात गुंडाळून ठेवलं. ती रागावली होती आणि राग लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. सुनरेने फोन काढला, आरानचा नंबर लावला, “थांब, देते,” एवढंच बोलली आणि फोन पुढे केला.

किलजा पटकन उठून उभी राहिली. पलीकडून कुणी बघत असल्यासारखा तिने केसांवरून हात फिरवला. तिचा आवाजच बदलला. लाजत, अडखळत, मग खळखळून हसत ती बोलू लागली. तक्ते, चित्रं, माशांची नावं सगळं भराभर सांगू लागली. आरानने रात्रीच लिहायचं कबूल केलं आणि लिहिलंही. थंडी सरायच्या आत दोन ग्रंथालयांची गाडी येऊन ती पुस्तकं घेऊन गेली. पण ते पुढचं. त्या वेळी सुनरे किलजाची पिशवी हातात धरून फलाटावर उभी होती आणि ते हसणं ऐकत होती. तिच्या लेखाखालच्या प्रश्नांमध्ये हे हसणं कधी आलं नव्हतं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुनरेने त्याला दोन मिनिटं थांबायची विनंती केली.

“फोन बसमध्येही चालतो, बाई,” तो म्हणाला.

“फोन माझा आहे.”

“मग तुम्हीही चढा.”

रांगेतली माणसं हसली. किलजाने घाईघाईने बोलणं आवरलं, फोन कोटाच्या बाहीला पुसून परत दिला आणि पिशवी घेतली. पायरीवर चढल्यावर काय वाटलं कुणास ठाऊक, ती वळली. राग पुरता गेला नव्हता, पण आवाज जरा निवला होता.

“तू पण लिहितेस का गं काही? तुमच्यात सगळेच लिहितात म्हणे.”

“नाही,” सुनरे म्हणाली. “मी सूची करते.”

“बरंय. तेही कुणीतरी करायला हवंच.”

दार बंद झालं. सुनरेने मोठ्या बहिणीला करतात तसं कमरेत वाकून अभिवादन केलं आणि बस फाटकातून वळेपर्यंत ती तशीच वाकलेली राहिली. किलजा खिडकीपाशी बसली होती. तिने चष्मा लावला होता आणि एका चिठोऱ्यावर आरानसाठी माशांची नावं लिहायला घेतली होती.