अर्ध्या तासाची शांतता

आमच्या बंधुराजांनी विमा कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा घरात दोघांनाच काळजी लागली. बाबांना त्याची आणि मला माझी.

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी काम थांबवलं. तेव्हापासून दुकानाचा पुढचा भाग रिकामा आणि मागच्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला बरीच वर्षं झाली. या कोपऱ्यात बसून लोकांचे कपडे उसवते, पुन्हा शिवते आणि कुणापुढे हात पसरत नाही. शेजारच्या औषधवाल्याचा मात्र आमच्या जागेवर पहिल्यापासून डोळा.

बंधुराज उद्योजकांच्या एका शिबिराला जाऊन आले आणि त्यांच्या अंगात आलं. तिथल्या सरांनी सांगितलं होतं, धंद्यात पडण्याआधी लोकांना खरंच काय हवंय ते शोधून काढा. यात वावगं काहीच नव्हतं. फक्त हे ऐकायला समोर आमचा भाऊ बसला होता.

"ताई, आजच्या माणसाला सगळ्यात जास्त काय हवंय?" त्याने मला विचारलं आणि माझं तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगितलं, "शांतता."

मग तो सर्वेक्षणाला निघाला. भेटेल त्याला एकच प्रश्न: तुम्हाला आयुष्यात शांतता हवी आहे का? आता याला नाही कोण म्हणणार? काका हो म्हणाले. न्हावी हातातली कात्री थांबवून हो म्हणाला. मावशीला तर त्याने सुनेसमोर विचारलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकदमच हो म्हणाल्या. मला तेवढं विचारलं नाही. घरच्यांचं मत शुद्ध नसतं म्हणे. मग शांतता विकायला त्याने बाबांकडे दुकानाचा रिकामा भाग मागितला.

"वर्षअखेरीपर्यंत बघतो," बाबा म्हणाले. "नाही चाललं तर औषधवाल्याला जागा विकून मोकळा होतो."

हे बोलताना ते त्याच्याकडे बघत होते. जागेबरोबर माझं मशीनही रस्त्यावर येईल हे त्यांच्या मनातही आलं नाही. मला त्यांचा राग आला, पण मी गप्प बसले. आमच्या घरात मोठ्या मुलीने गप्प बसायचं असतं आणि मी ते इमानेइतबारे करत आले होते.

दुकानाचा कायापालट झाला. भिंतींना आवाज शोषणारा फोम, मंद दिवे, मागे रेलणाऱ्या चार खुर्च्या. दारापाशी गल्ल्यावर बंधुराज, त्याच्या मागे जाड पडदा, पडद्याआड खुर्च्या आणि अगदी मागे मी. अर्ध्या तासाच्या शांततेचं तिकीट. माझ्या मशीनची खडखड नको म्हणून गिऱ्हाईक आलं की मी हातशिलाई करायची, असा हुकूम सुटला. उद्घाटनाला सगळे नातेवाईक आले, शांततेचं मोठमोठ्याने कौतुक केलं आणि निघून गेले.

पुढे माशा मारायची वेळ आली. म्हणजे दारात माणसं येत होती, पण शांततेसाठी नाही. समोर नोंदणी कचेरी. सकाळी आलेल्या माणसाचा नंबर दुपार टळल्यावर लागायचा. तिथल्या शौचालयाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. बायका रस्ता ओलांडून आमच्या दारात यायच्या, आत डोकावायच्या.

"अहो, जरा…"

"श्श," बंधुराज ओठांवर बोट ठेवून भिंतीवरच्या 'शांतता' पाटीकडे बघायला लावायचा. मग दबक्या आवाजात विचारायचा, "शांतता हवी आहे का?"

"नाही, तसं काही नाही," म्हणत त्या बिचाऱ्या पाय ओढत परत जायच्या. परक्या पुरुषाला 'संडास कुठे आहे' असं विचारायला जीभ रेटत नाही. मला पडद्याच्या फटीतून नुसता चेहरा दिसला तरी कळायचं.

"लोकांमध्ये अजून जाणीव नाही," बंधुराज उसासा टाकून म्हणायचा.

एकदा एक पोटुशी बाई धीर करून माझ्या कोपऱ्यापर्यंत आली. पदराची शिवण दाखवायच्या निमित्ताने कानाशी पुटपुटली. मी उठून तिला मागच्या दाराने मोरीपलीकडच्या आमच्या संडासाकडे नेलं. जाताना तिला ओशाळल्यासारखं झालं, म्हणून तिने गल्ल्यावर एक तिकीट काढलं. कचेरीच्या रांगेत ही बातमी कशी पोहोचली असेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून बायकांची रीघ लागली. तिकीट काढायचं, खुर्चीकडे ढुंकूनही न बघता तरातरा मागे जायचं आणि परत यायचं.

बंधुराजाला पडद्यामुळे फक्त चेहरे दिसत.

"बघितलंस, ताई? जाताना कपाळाला आठ्या आणि येताना काय समाधान! अर्धा तासही लागत नाही. पाच मिनिटांत शांत होतात. खुर्च्यांची किमया आहे."

मी मूग गिळून बसले. खरं सांगितलं असतं तर त्याची इज्जत आडवी आली असती आणि पहिल्या दिवशीच त्याने मागच्या दाराला कुलूप घातलं असतं. तिकिटं खपत होती, बाबा जागा विकायची भाषा करत नव्हते, मशीन जागेवर होतं. संध्याकाळी बादलीभर पाणी ओतून मी ती मागची जागा घासून ठेवायची.

मग त्याला वाढ सुचली. मागचा संडास पाडून तिथे आणखी दोन खुर्च्या.

"तो पाडू नकोस," मी म्हटलं.

"ताई, तुला धंद्यातलं कळत नाही. मी गिऱ्हाइकांनाच विचारतो."

आणि विचारलंच. दुसऱ्या दिवशी गवंड्याला आत पाठवून तो दारातल्या रांगेपुढे उभा राहिला. "आणखी दोन खुर्च्या टाकल्या तर आवडेल का?" पायावर पाय घट्ट दाबून उभ्या असलेल्या त्या बायका भिडेपोटी हो म्हणाल्या. एक तर "छान कल्पना आहे" असंही म्हणाली. इकडे गवंड्याने घण उचलला आणि संडासाच्या बंद दारावर थाप मारली. आतून घाबरलेला आवाज आला, "आहे, आहे."

माझं डोकं फिरलं. मी पडदा ओढला आणि त्या शांततेच्या दुकानात जन्मात बोलले नव्हते एवढ्या मोठ्याने बोलले.

"अरे, या बायका शांततेसाठी येत नाहीत. लघवीला येतात."

दुकान पहिल्यांदाच खरोखर शांत झालं. बंधुराजाचे कान लाल झाले. त्याने रांगेकडे बघितलं. बायका जमिनीकडे बघत होत्या.

"खरं का?" त्याने हळूच विचारलं.

रांगेतली सगळ्यात म्हातारी बाई पुढे आली. "बाळा, तुमचं भांडण नंतर करा. आतली बाहेर आली की माझा नंबर आहे."

तो बाजूला झाला. गवंड्याने घण खाली ठेवला आणि म्हणाला, "यांचं झालं की मीही जाऊन येतो."

त्यानंतर बंधुराज दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तो शिबिरातल्या सरांना फोनवर सांगत होता, की गिऱ्हाइकाची खरी गरज आपण कशी अचूक हेरली. दुकानावर आता सरळ 'महिला स्वच्छतागृह' अशी पाटी लागणार होती आणि आणखी दोन बांधायची होती. त्यासाठी टेप घेऊन तो मापं काढत काढत माझ्या कोपऱ्यात आला.

"ताई, तुझं मशीन इथून हलवलं तर चालेल ना?"

या घरात असल्या प्रश्नाला मी आजवर एकच उत्तर दिलं होतं, आणि त्याच्या हातातली टेप ते गृहीत धरून भिंतीला लागलीही होती.

"नाही," मी म्हटलं.

मला प्रश्न नीट ऐकू आला नसेल असं वाटून त्याने तो पुन्हा विचारला. मी पुन्हा नाही म्हटलं आणि त्याच्या चार रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं.